बाईंच्या पोटाचा फोटो

माझ्या सासूबाई गप्प पडून आहेत आणि मी सांगतो ते मुकाट्याने ऐकताहेत, असं स्वप्न मी लग्न झाल्यापासून बघत आलो. ते खरं झालं तेव्हा त्यांचं पोट टम्म फुगलेलं होतं आणि चेहऱ्याचा रंग पार उडाला होता, त्यामुळे म्हणावी तशी मजा आली नाही.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तळमजल्यावर जिन्याखालून आत गेलं की कपडे धुण्याच्या खोलीशेजारी माझी खोली. दाराला आतून शिशाचा पत्रा, त्यामुळे ते ढकलताना आजारी माणसाच्या नाकी नऊ येतात. आत एक टेबल, वर मशीन, भिंतीशी उभ्याने फोटो काढायचा स्टँड आणि कोपऱ्यात काचेआड मी. लोकांना वाटतं आम्ही फोटोग्राफर. एक गृहस्थ तर पोटाच्या एक्स-रेला भांग पाडून आले होते.

बहुतेकांना वाटतं की दुखेल. दुखत नाही. टेबल गार लागतं, एवढाच काय तो छळ. अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही, मी म्हणेन तेव्हा हलायचं नाही, मी म्हणेन तेव्हा श्वास रोखायचा. चहा निवायच्या आत माणूस बाहेर. तरी निघताना प्रत्येक जण दारात थबकतो आणि विचारतो, "काही दिसलं का?"

या प्रश्नाला आमच्या धंद्यात एकच उत्तर आहे. डॉक्टर सांगतील. आम्ही फोटो काढायचा, वाचायचा त्यांनी. पण पेशंट काही दुधखुळा नसतो. तुम्ही तोंड उघडलं नाहीत तर तो तुमचं तोंड वाचतो. म्हणून मी माझा चेहरा कमावला आहे. पोटात खडा दिसो, गाठ दिसो, की नुसता चार दिवसांचा तुंबलेला मळ दिसो, माझ्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. बायको म्हणते, लग्नाच्या फोटोतही मी असाच दिसतो, कसली तरी वाईट बातमी दडवून ठेवल्यासारखा.

तर सासूबाई. तोंडावर मी त्यांना सासूबाई म्हणत नाही आणि आई तर कधीच म्हटलेलं नाही. बाई म्हणतो, कारण त्यांची नि माझी ओळख त्यांच्या मुलीच्या आधीची. बाईंची ड्रायव्हिंग स्कूल होती. आमच्या इथली अर्धीअधिक माणसं त्यांची बोलणी खाऊन गाडी शिकली. मीही गेलो. वळायची वेळ आली की मी इंडिकेटरऐवजी वायपर लावायचो. महिनाभर त्यांनी ते सहन केलं आणि मग गाडी कडेला घ्यायला लावली. मी त्यांच्या मुलीवर लाइन मारतो हे त्यांना एव्हाना कळलं होतं. म्हणाल्या, "गाडी मी तुमच्या हाती देणार नाही. मुलगी न्यायची तर न्या, ती स्वतःला सांभाळते." तेव्हापासून त्या मला जावईबापू म्हणतात, आणि तो शब्द असा काही ताणतात की परक्या माणसाला शिवीच वाटावी.

आमचं भांडण व्हायला कारण लागत नाही. पंखा जोरात आहे, पंखा जोरात नाही, मी जिना चढताना पाय आपटतो, मी उत्तर देत नाही, मी उलट उत्तर देतो. बायको आम्हा दोघांच्या मध्ये पडत नाही. ती म्हणते, तुमचं बंद पडलं की घरात चुकल्यासारखं होतं.

या भांडणाला बाईंच्या लेखी एक किंमत होती, ती मला सासरे गेले तेव्हा कळली. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा सगळे बाईंशी फार गोड बोलले. डॉक्टर, नर्सा, नातेवाईक, शेजारीपाजारी, सगळे. काळजीचं कारण नाही, उद्या बसतील, परवा चालतील. परवा ते गेले. आधी कोणी एका शब्दाने खरं सांगितलं असतं तर नवऱ्याशी चार गोष्टी बोलायच्या राहिल्या नसत्या, असं त्या एकदाच म्हणाल्या, तेही भांडी आवरताना, पाठ करून. त्यानंतर गोड बोलणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळावर आठी चढते. "आपल्या घरात एकाच्या तोंडात साखर नाही," त्या माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, "तेवढं एक बरं आहे."

परवापासून त्यांचं पोट दुखत होतं. कळ यायची, जायची. घराघरात असतं तसं आमच्याही घरात पोटदुखीचं निदान आधीच ठरलेलं असतं, ते म्हणजे गॅस. गरम पाणी झालं, ओवा झाला, अंगणात फेऱ्या झाल्या. पोट मात्र फुगत चाललं. आज दुपारी बायकोचा फोन आला.

"आईला घेऊन येतेय. उलट्या सुरू झाल्यात. आणि ऐक, ती म्हणते फोटो काढायचाच असेल तर तूच काढायचा. नाहीतर इथूनच गाडी वळव म्हणते." मागून बाईंचा आवाज आला, "क्लचवरचा पाय काढ आधी."

कॅज्युअल्टीत त्यांना विचारलं गेलं, दोन दिवसांत गॅस पास झाला का? "झाला असता तर तुमचं तोंड बघायला आले असते का?" बाई म्हणाल्या. ड्युटीवरच्या सर्जनने पोट दाबून बघितलं, बोटांनी वाजवून बघितलं आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं. झोपून एक फोटो, उभ्याने एक.

व्हीलचेअर नाकारून त्या भिंत धरत, कमरेत वाकून आल्या. बायकोला मी बाहेरच्या बाकावर बसवलं.

"अंगावरचं धातूचं सगळं काढा," मी म्हणालो. केसांतल्या पिना निघाल्या, कानातलं निघालं, चष्मा निघाला, कमरेच्या बटव्यातून किल्ल्यांचा जुडगा निघाला. "आणि हा गाऊन घाला. नाड्या मागे येतात."

"मागून उघडा ठेवायचा शहाणपणा कोणाचा?"

"माझा नाही. आणि एक विचारायचं राहिलं. गरोदर आहात का?"

हे आम्ही बायकांना विचारतो, पोटातल्या बाळाला किरण लागू नयेत म्हणून. पण विचारायचं वय असतं, आणि बाईंनी ते ओलांडून जमाना झाला होता. मी मुद्दाम विचारलं. त्यांना चिडवलं की त्यांना बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

"असेन तर बाळंतपण तुम्हालाच करायला लावीन," त्या म्हणाल्या. बोलताना कळ आली आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. कळ ओसरल्यावर गाऊन घालून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "टेबल आहे की बर्फाची लादी?"

"हलू नका. मी सांगेन तेव्हा श्वास सोडायचा आणि रोखायचा."

"सोडून कोणी रोखतं का? लोक आत घेऊन रोखतात."

"ते छातीच्या फोटोला. पोटाच्या फोटोला सोडून. सोडला की पोटाला वर पसरायला जागा मिळते. तुम्हाला शिकवायचंय का मला?"

"तुम्हाला शिकवून कोणाचं भलं झालंय?"

मी काचेआड गेलो. "सोडा. रोखा. हलू नका." बाईंनी रोखला. मग उभ्याचा फोटो. स्टँडला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या, सरळ राहवत नव्हतं तरी राहिल्या, आणि मी म्हणेपर्यंत हूं की चूं केलं नाही. तेव्हाच मला बरं वाटेनासं झालं होतं. बाई इतकं ऐकताहेत म्हणजे दुखणं साधं नाही.

फोटो पडद्यावर आला. पोटाच्या एक्स-रेत एरवी राखाडी रंगाची नुसती खिचडी असते, इथे थोडी हवा, तिथे थोडा मळ, मधे पाठीचा कणा, खाली कमरेची हाडं. बाईंच्या पोटात खिचडी नव्हती. एकच भला मोठा काळा फुगा होता, कमरेपासून पार छातीखालपर्यंत, आणि तो मधोमध दुमडला होता. सायकलच्या ट्यूबमध्ये ठासून हवा भरावी आणि ती वाकवून दोन्ही टोकं एकत्र आणावीत, तसा.

असले फोटो मी आधी काढले आहेत. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग स्वतःभोवतीच पीळ खातो. हवा कोंडते, रक्त पोचेनासं होतं. पीळ वेळेत सुटला तर माणूस दुसऱ्या दिवशी जेवणावरून कटकट करतो. नाही सुटला तर आतडं काळं पडतं, आणि मग जेवणाचा प्रश्न उरत नाही. मी सर्जनला फोटो पाठवला, फोन केला. तो म्हणाला, "दिसलं. खाली येतोय."

माझा चेहरा मात्र जागच्या जागी होता. काचेत बघून घेतला मी. कमावलेला चेहरा, माशी हलली नव्हती. तो घेऊन मी बाईंकडे गेलो, त्यांना हाताला धरून टेबलाच्या कडेला बसवलं, खाली वाकून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या, गाऊनची सुटलेली नाडी बांधली आणि म्हणालो, "झालं हं, आई. दमलात ना? जरा टेका, मी आहे इथे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय म्हणालात?"

"टेका म्हणालो."

"त्याच्या आधी." चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नव्हतं, तरी त्यांनी डोळे बारीक केले. "आई म्हणालात. आणि चपला घातल्यात मला. तुम्ही! इतकं वाईट आहे का?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणालो.

"ते सांगतील तेव्हा सांगतील. तुम्ही तर आत्ताच सांगितलंत." त्या टेबलावरून उतरल्या. "माझे कपडे द्या. मी घरी चालले."

चेहरा कमवायला मला वर्षं लागली आणि जिभेने एका शब्दात घोळ केला. बायको आवाज ऐकून आत आली. तिच्यामागोमाग सर्जन. हा माणूस उंच, किडकिडीत, हुशार, आणि त्याच्या बोलण्यात नको तितकं लोणी. त्यात त्याने येताक्षणी हात जोडले. "बाई, ओळखलंत का? मी तुमच्याकडे गाडी शिकलोय."

बाईंनी चष्मा लावला. "ओळखलं. मागे न बघता रिव्हर्स घ्यायचा तो तू."

सर्जन हसला, लाजला, आणि अगदी मधाळ आवाजात समजावू लागला. काळजीचं काही कारण नाही. आतड्याला थोडासा पीळ पडलाय. खालून कॅमेरा लावलेली एक मऊ नळी घालून तो सोडवून बघायचा, बहुतेक सुटतोच. नाहीच सुटला किंवा आतड्याचा रंग बिघडलेला दिसला तर छोटंसं ऑपरेशन. तुम्ही अगदी निश्चिंत राहा.

त्याने सांगितलं ते सगळं बरोबर होतं. पण काळजीचं कारण नाही आणि छोटंसं ऑपरेशन हे दोन्ही शब्द एका दमात आले, आणि बाईंनी सासऱ्यांच्या वेळी ते याच चालीवर ऐकले होते. त्यांचा चेहरा मिटला.

"खालून म्हणजे मागून?" त्यांनी विचारलं.

"हो, पण तुम्हाला फारसं..."

"हा मागे न बघता रिव्हर्स घेणारा माणूस," बाई बायकोला म्हणाल्या, "माझ्या मागून नळी घालणार. आणि तिथे काही मोडलं की पोट फाडणार. काही नको. मला माझ्या पलंगावर नेऊन टाक. मरायचं तर तिथे शांतपणे मरेन."

बायको रडायला लागली. "आई, असं काय करतेस गं?" सर्जनने अजून थोडं लोणी लावलं. मीही लावलं, देवाशपथ. मी म्हणालो, आई, ऐका ना जरा, आमच्यासाठी तरी. प्रत्येक गोड शब्दागणिक बाई गाऊनवरून एकेक कपडा चढवत होत्या. मधेच कळ आली तशा भिंतीला टेकल्या, ओठ चावला, आणि कळ जाताच पुन्हा बटण लावायला लागल्या. सर्जनने घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याच्या नजरेत लोणी नव्हतं. फार वेळ नाही, एवढंच होतं.

माझं डोकं सटकलं. नियम, चेहरा, नोकरी, सगळं गेलं खड्ड्यात.

"बसा खाली!" मी ओरडलो. कपडे धुण्याच्या खोलीतली मशीनही दचकली असती. "बसा म्हणतो ना! बटण नंतर लावा. इकडे बघा."

बाई बसल्या. मी त्यांचा फोटो त्यांच्यापुढे वळवला.

"हे तुमचं आतडं. हा काळा फुगा दिसतोय? ही कोंडलेली हवा. खाली इथे पीळ पडलाय. घरी गेलात तर तो सुटणार नाही. आतडं सडेल, फुटेल. शांतपणे मरेन म्हणता? पलंगावर शांतपणे वगैरे काही होत नाही याने. गुरासारख्या ओरडत मराल, आणि ते तुमची मुलगी उशाशी बसून बघेल. हवंय?"

"अरे!" बायको किंचाळली.

बाईंनी विचारलं, "आणि नळीने नाही सुटला तर?"

"तर कापतील."

"त्यात मरेन?"

"मरालही. जगालही. तुमचं वय बघता कोणी खात्री देत असेल तर तो थापा मारतोय. पण इथे राहिलात तर निदान जगायची संधी आहे. घरी काही नाही."

मी धापा टाकत होतो. बाईंनी फोटो नीट निरखला, वरपासून खालपर्यंत, मग मला निरखलं.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"घाबरलो होतो."

"कशाला?"

"तुम्ही मराल म्हणून! अजून कशाला? माणसाने घाबरूही नये का?" माझा आवाज फाटला. "तुम्ही गेलात तर मी काय करू? कोण आहे मला दुसरं?"

हे मी बोललो यावर माझाच विश्वास बसला नाही. बायको रडायची थांबून माझ्याकडे बघत होती. बाईंनी नाकातून मोठा श्वास सोडला, लावलेली बटणं एकेक करून काढायला लागल्या आणि सर्जनला म्हणाल्या, "चल. पण हे बाहेर उभे राहतील, पडद्याला लागून. तू चुकलास तर ओरडतील. एवढं एकच काम त्यांना जमतं."

मग आम्ही वर, नळी घालायच्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे. बायकोने माझी बाही मुठीत धरली होती. पलीकडून सर्जनचा आवाज, "डाव्या कुशीवर, बाई. गुडघे पोटाशी." बाईंचा आवाज, "हळू! घाई कसली आहे?" मग आवाज थांबले. भांड्याला भांडं लागलं. सर्जन नर्सला काहीतरी पुटपुटला आणि मला ते कळलं नाही. बाई एकदा कण्हल्या. मी बाईंना आयुष्यात कण्हताना ऐकलं नव्हतं. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना. मनात मी एक्स-रेतला तो फुगा बघत होतो आणि त्याला हात जोडत होतो. फुटू नको, सूट. सूट बाबा.

आणि सुटला.

आधी हिस्स असं काहीतरी झालं आणि मग, कसं सांगू, असा काही दणका निघाला की पडदा आमच्या बाजूला हलला. दोन दिवसांचा कोंडलेला संताप एकदमच बाहेर आला, थांबला, दम घेतला आणि पुन्हा आला. कॉरिडॉरमधून जाणारा वॉर्डबॉय ट्रे घेऊन जागीच उभा राहिला. नर्स "अगंबाई" म्हणाली. सर्जन पडद्याबाहेर आला तेव्हा त्याच्या गाऊनवर, बाहीवर आणि चष्म्याच्या एका काचेवर असं काही होतं की त्याचं वर्णन मी करणार नाही, आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

"सुटला," तो म्हणाला. "आतड्याचा रंग छान गुलाबी आहे. पुढे कधीतरी कायमचा इलाज करावा लागेल, पण आजचं संकट टळलं."

मागोमाग वास आला. मी त्या खोलीत, त्या वासात, भिंतीला टेकून खाली बसलो आणि हमसून हमसून रडायला लागलो. माझा कमावलेला चेहरा कुठे गेला कुणास ठाऊक. बायको नाक धरून हसत होती आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कोण रडतंय तिकडे?" पडद्याआडून आवाज आला. थकलेला होता, पण ठणठणीत होता. "आधी खिडकी उघडा, मेल्यांनो. माझा मलाच सहन होत नाहीये."

मी उठलो आणि खिडकी सताड उघडली. बाहेरची स्वच्छ हवा आत आली, पण मी तिच्याकडे गेलो नाही. मी पडद्याशीच उभा राहिलो, त्या घाणीत, कारण बाई तिथे होत्या.